बंद पडलेला टॅबलेट मेला, असं केव्हा म्हणावं?



मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, की ही प्रमाणांची चर्चा, हे घट आणि पट, यांचा घरात कधी काही उपयोग होतो का? वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही हसून निभावून नेलं. आज उत्तर देणार आहोत आणि उदाहरण टॅबलेटचं घेणार आहोत. आमच्या वयाच्या माणसानं टॅबलेट म्हटलं की लोकांना रक्तदाबाची गोळी आठवते. आम्ही बोलतोय ते पाटीएवढ्या यंत्राबद्दल.

आधी घडलं काय ते सांगतो. आमचं एक छोटं वाचनमंडळ आहे. सात-आठ निवृत्त माणसं, दर गुरुवारी. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' वाचायला घेतला होता आणि शिकवायला आमच्याहूनही वडील असे एक शास्त्रीबुवा होते. परंपरेनं शिकलेले, समोर पुस्तक न घेता शिकवायचे. मंडळाच्या वर्गणीतून घेतलेल्या टॅबलेटवर आम्ही त्यांचे पाठ ध्वनिमुद्रित करत होतो. ३१ पाठ झाले. बत्तिसाव्याच्या आधी शास्त्रीबुवा गेले.

त्यानंतर चारेक महिन्यांनी टॅबलेटवर सूचना आली की नवीन अपडेट आलं आहे. मंडळातल्या एकानं (ते आम्हीच, हे आता सांगून टाकतो) 'स्थापित करा'वर बोट ठेवलं. बॅटरी ४० टक्के दिसत होती. चार वर्षं वापरलेल्या बॅटरीच्या ४० टक्क्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली, पडदा विझला आणि पुन्हा काही लागला नाही. पाठांची दुसरी प्रत होती का? नव्हती. 'करून ठेवू' असं प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता.

दुकानात नेला. दुकानदारानं बटण दाबून पाहिलं, चार्जर लावून पाहिला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "डेड आहे काका. फार तर फॉरमॅट मारून बघतो, नाहीतर नवीन घ्या." त्या माणसाला आम्ही दोष देत नाही, त्याच्याकडे दिवसाला असे वीस येत असतील. पण त्याचं वाक्य आपण अनुमान म्हणून मांडून पाहू. हा टॅबलेट मृत आहे. का? पडदा काळा आहे म्हणून. आता व्याप्ती काय हवी? जिथं जिथं पडदा काळा, तिथं तिथं मृत्यू. ही व्याप्ती टिकते का? रात्री बंद करून उशाशी ठेवलेल्या टॅबलेटचा पडदाही काळाच असतो. बॅटरी रिकामी झालेल्याचा काळा असतो. पडद्याची पट्टीच आतून निसटली असेल तरीही काळा. हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडतो. याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात, हे आपण दोन व्याख्यानांपूर्वी पाहिलं आहे.

पण आजचा मुद्दा याच्या पुढचा आहे. दुकानदार म्हणेल, बरं, अनुमान राहू द्या. मला यात जीव *दिसत नाही*, म्हणून तो नाही. हा युक्तिवाद फार जुना आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. न दिसण्यावरून नसणं कळतं, याला अनुपलब्धी म्हणतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक मानत नाहीत, त्यांच्या मते अभावसुद्धा प्रत्यक्षानंच कळतो. शास्त्रीबुवा कडवे नैयायिक. आम्ही आज अनुपलब्धीवर बोलतोय हे त्यांना आवडलं नसतं. प्रमाणं चारच, म्हणून दटावलं असतं. ते असो. दोन्ही पक्षांना एक अट मात्र मान्य आहे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर 'घडा नाही' असं म्हणता येत नाही. घडा *असता तर दिसला असता*, अशी परिस्थिती असली पाहिजे. तेवढी योग्यता असेल तरच न दिसणं हा पुरावा होतो. म्हणून नुसती अनुपलब्धी पुरत नाही, योग्यानुपलब्धी लागते.

तेव्हा प्रश्न असा, की टॅबलेटमध्ये जीव असता तर तो पडद्यावर दिसला असता का? याचं उत्तर त्या यंत्राच्या आत काय घडतं हे पाहिल्याशिवाय देता येत नाही. आता थोडा वेळ तिथं घालवू.

आपल्याला वाटतं की बटण दाबलं की टॅबलेट उठतो. तो एकदम उठत नाही. देवळात पहाटे आधी गुरव उठतो. तो कुलूप काढतो, दिवा लावतो, मग पुजारी येतो, मग काकड आरती आणि त्यानंतर आपण. टॅबलेटचंही असंच आहे. प्रत्येक जण पुढच्याला उठवतो आणि बाजूला होतो.

सगळ्यात आधी उठतो तो बूटरॉम. हा अगदी लहानसा प्रोग्रॅम, आणि तो मुख्य चिपच्या सिलिकॉनमध्येच चिप बनताना कोरलेला असतो. त्यावर पुन्हा लिहिता येत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळी आशा यावर उभी आहे: कोणतंही अपडेट, कितीही बिघडलं तरी, बूटरॉमला हात लावू शकत नाही. त्याचं काम एवढंच, की साठवणीच्या चिपमधून पुढचा टप्पा शोधायचा, त्यावरची सही तपासायची आणि कारभार त्याच्याकडे सोपवायचा. पुढचा टप्पा सापडलाच नाही, किंवा सही जुळली नाही, तर बहुतेक बूटरॉम यूएसबीच्या दारात येऊन उभा राहतो आणि बाहेरून कोणी काही देतंय का याची वाट पाहतो.

दुसरा टप्पा मीडियाटेकच्या चिपमध्ये प्रीलोडर म्हणून ओळखला जातो. इतर कंपन्यांची नावं वेगळी. तो मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, कामाला लावतो. तिसरा टप्पा बूटलोडर. हा सहसा पहिल्यांदा पडदा उजळतो आणि कंपनीचं बोधचिन्ह दाखवतो. त्यानंतर कर्नल, त्यानंतर अँड्रॉइडची सगळी व्यवस्था, ती हलणारी रंगीत चित्रं, आणि शेवटी आपलं घड्याळ, आपले फोटो.

म्हणजे पडदा उजळायच्या आधी दोन जण उठून काम करून गेलेले असतात. त्यांना पडदा चालवताच येत नाही. ते जिवंत असोत की नसोत, पडदा काळाच राहणार. खोलीत घडा आहे, पण दिवा लागायचा आहे. तेव्हा काळा पडदा ही योग्यानुपलब्धी होत नाही.

आयपॅडमध्ये तर ही अवस्था मुद्दाम आणता येते. तिला डीएफयू म्हणतात. पडदा पूर्ण काळा असतो आणि तरी संगणकाला जोडला की संगणक त्याला ओळखतो. त्या काळ्या पडद्याकडे पाहून बाहेरचा माणूस काय म्हणेल? डेड आहे काका.

आणि असं फक्त स्वस्तातल्या यंत्रांना होतं असंही नाही. २०१६च्या मे महिन्यात अ‍ॅपलचं आयओएस ९.३.२ आलं, तेव्हा ९.७ इंची आयपॅड प्रोपैकी काही 'संगणकाला जोडा' या चित्रावर अडकून बसले आणि आयट्यून्सला जोडले की 'एरर ५६' येत होता. कंपनीला त्या मॉडेलपुरतं अपडेट मागे घ्यावं लागलं, जूनमध्ये दुरुस्त केलेलं आलं. २०२४च्या सप्टेंबरात आयपॅडओएस १८चं एम४ चिपवाल्या आयपॅड प्रोच्या बाबतीत असंच झालं. तेही मागे घेतलं आणि ऑक्टोबरात १८.०.१ दिलं. एवढी साधनं असलेल्या कंपनीचं होतं, तर आपलं का नाही होणार.

आता आमच्या टॅबलेटकडे परत येऊ. मंडळातल्या एका सभासदाची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला बोलावलं. आम्ही बटण दाबायला गेलो तर तिनं आधी हातच धरला. "आजोबा, थांबा. आधी काही दाबू नका. कुठल्या चार्जरवर होता?" संगणकाच्या यूएसबीवर लावून ठेवला होता. जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडातून ५०० मिलिअँपिअर मिळतात. एखादा टॅबलेट अर्धवट उठून पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तेवढं तो उठण्यातच खर्च करतो आणि बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होत जाते. शिवाय लिथियमची बॅटरी फार खाली गेली, की चार्ज करणारं सर्किट सुरुवातीला अगदी थोडा प्रवाह देतं, पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि माणूस अर्ध्या तासानं कंटाळून वायर काढतो. तिनं तो त्याच्या मूळ भिंतीवरच्या चार्जरला लावला आणि सांगितलं की उद्या सकाळी येते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही हे खरं. ३१ गुरुवार डोळ्यांसमोर येत होते.

सकाळी तिनं आधी पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरून अर्धा मिनिट दाबलं. बॅटरी काढता येत नाही अशा यंत्रात वीज तोडण्याचा हाच एक मार्ग. काही झालं नाही. मग पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण. याने रिकव्हरी नावाची एक आडखोली उघडते. तिथून साइडलोड नावाच्या सोयीनं कंपनीचं पूर्ण अपडेट संगणकावरून पुन्हा देता येतं, आणि त्यात तुमचे फोटो-फाइली जात नाहीत. ज्यांचा टॅबलेट बोधचिन्हावर अडकला असेल, त्यांनी पहिला प्रयत्न इथं करावा. मात्र त्याच यादीत 'वाइप डेटा' किंवा 'फॅक्टरी रीसेट' अशीही ओळ असते. ती निवडली की यंत्र बऱ्याचदा झटकन उठतं. दुकानदार 'फॉरमॅट मारतो' म्हणतो ते हेच. यंत्र उठतं, पण त्यातलं तुमचं सगळं गेलेलं असतं. 'वाइप कॅश' ही ओळ वेगळी, ती निरुपद्रवी. नावं शेजारी शेजारी असतात, आणि चष्मा नसेल तर घात होतो.

आमच्याकडे रिकव्हरीही उघडली नाही. मग तिनं तो लॅपटॉपला जोडला. काहीच नाही. आम्ही म्हटलं, संपलं. ती म्हणाली, "वायर कुठली आहे ही?" इथं पुन्हा योग्यता आली. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. अशा वायरीतून संगणकाला टॅबलेट दिसला नाही, तर त्यावरून टॅबलेटबद्दल काही सिद्ध होत नाही. तिनं स्वतःचा फोन त्या वायरीला लावला, तोही दिसेना. स्वतःची वायर लावली, फोन दिसला. मग त्याच वायरीला टॅबलेट. अन्वय आणि व्यतिरेक आम्ही चाळीस वर्षं शिकवले. ते कोणी असे वायरीवर करून दाखवताना पहिल्यांदाच पाहिलं.

लॅपटॉपनं 'टुंग' केलं. उपकरणांच्या यादीत एक नवं नाव आलं, दोन-तीन सेकंद राहिलं आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

मंडळी, या क्षणाला आम्ही अजून फार मान देतो. पडदा काळाच होता, पण आता त्या काळेपणाला काही अर्थ उरला नव्हता. आणि नुसतं 'काहीतरी जिवंत आहे' एवढंच कळलं नाही. त्या नावात 'मीडियाटेक' होतं आणि 'प्रीलोडर' होतं. बूटरॉम एकटाच बोलत असता तर नाव वेगळं आलं असतं. म्हणजे पहिला उठला होता, दुसराही उठला होता, आणि दुसरा तिसऱ्याला हाका मारून थकत होता. मोडतोड कुठं झाली ते त्या दोन सेकंदांत सांगता आलं. क्वालकॉमची चिप असती तर तळाची अवस्था '९००८' या आकड्यानं दिसते. सॅमसंगच्या यंत्रांत डाउनलोड मोड असतो. दार प्रत्येक घराचं वेगळं, पण दार बहुतेक घरांना असतं.

आता पुढचा भाग, आणि आमच्या मते हाच कठीण. शरीर उठवता येणार हे दिसत होतं. पण आम्हाला शरीर नको होतं, शास्त्रीबुवांचा आवाज हवा होता. मग कोणीतरी सुचवलं, साठवणीची चिप काढून दुसऱ्या यंत्रात वाचून घ्या. जुन्या काळच्या संगणकाची हार्ड डिस्क अशी काढून वाचता यायची. अलीकडच्या टॅबलेटमध्ये ते होत नाही. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या यंत्रांत वापरणाऱ्याची माहिती सांकेतिक करून ठेवणं सक्तीचं आहे. आणि ते कुलूप उघडणारी किल्ली त्या यंत्राच्या मुख्य चिपशी जखडलेली असते, त्यात तुमचा पिनही मिसळलेला असतो. साठवणीची चिप दुसरीकडे नेली, तर हाती निव्वळ कचरा लागतो. शरीर आणि स्मृती वेगळी करता येत नाहीत असं हे यंत्र आहे. यावर एक वेगळं व्याख्यान होईल. आजपुरतं एवढंच, की पाठ हवे असतील तर *हाच* टॅबलेट, याच मुख्य चिपसह उठला पाहिजे, आणि उठताना आतली माहितीची खोली कोणी झाडून काढता कामा नये.

मीडियाटेकच्या यंत्रांत लिहिण्यासाठी एसपी फ्लॅश टूल नावाचा प्रोग्रॅम वापरतात. त्याला एक स्कॅटर फाइल द्यावी लागते. ती म्हणजे साठवणीचा नकाशा, कुठली खोली कुठं सुरू होते ते. त्यात वर तीन पर्याय असतात. 'फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड' हा सगळ्यात खात्रीचा वाटतो, आणि सगळ्यात घातक तोच. तो तुमची माहिती तर पुसतोच, पण कारखान्यात त्या एका यंत्रापुरते लिहिलेले वायफायचे क्रमांक आणि सिमकार्ड चालत असेल तर आयएमईआयसुद्धा पुसून टाकतो. मग टॅबलेट उठतो, पण त्याला स्वतःची ओळख राहत नाही. 'डाउनलोड ओन्ली' या पर्यायात तुम्ही ज्या खोल्यांपुढे खूण करता तेवढ्याच लिहिल्या जातात. तिनं 'यूजरडेटा' या खोलीपुढची खूण काढली. मग चष्मा पुसून आम्हाला वाचायला लावलं, "आजोबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, खूण नाही ना?" नव्हती. तरी तीनदा वाचलं.

पण लिहायचं काय? त्या टॅबलेटचं मूळ फर्मवेअर हवं. यातच आमचे तीन आठवडे गेले. एकाच नावाच्या टॅबलेटमध्ये आतले बोर्ड वेगवेगळे असतात. बाहेरून जुळी भावंडं, आतून परकी. मागच्या झाकणावरचा मॉडेल क्रमांक आणि आवृत्तीचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. इंटरनेटवर एक सापडलं होतं, त्यात शेवटचं एक अक्षर वेगळं होतं. आम्ही म्हणालो, एका अक्षरानं काय होतंय? संस्कृत शिकलेल्या माणसानं असं म्हणावं याची तिला गंमत वाटली. तिनं ते टाकलं नाही. दुसरी अट अशी की आवृत्ती जुनी नको. नव्या आवृत्तीनं एकदा किल्ली ताब्यात घेतली, की जुनी आवृत्ती ती किल्ली वापरू शकत नाही; यंत्र उठेल, पण कुलूप उघडणार नाही. आणि तिसरी गोष्ट, कोणी बूटलोडर 'अनलॉक' करायला सांगितलं तर ऐकू नका, माहिती वाचवायची असेल तर मुळीच नाही. अनलॉक केलं की यंत्र आपणहून सगळं पुसतं. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती आपल्यालाही चोरच समजते.

शेवटी कंपनीला चार पत्रं लिहिल्यावर योग्य फाइल मिळाली. जाता जाता एक सांगायला हवं. ही फाइल कोणीही घरी बनवून चालत नाही. प्रत्येक टप्पा पुढच्याची सही तपासतो. आप्तवाक्य तेवढं ऐकायचं, हा नियम ही यंत्रं आपल्यापेक्षा कडक पाळतात. नव्या कित्येक चिपमध्ये तर दारात उभं राहून बोलण्यासाठीसुद्धा कंपनीची परवानगी लागते, आणि मग घरच्या घरी दुरुस्ती तिथंच थांबते. आमची चिप जुनी होती, हे नशीब.

लिहायला सातेक मिनिटं लागली. जेवणाच्या टेबलावर, चार म्हातारी माणसं एका पट्टीकडे बघत. मग वायर काढली, बटण धरलं. बोधचिन्ह आलं. मग ती हलणारी चित्रं, आणि ती हलतच राहिली. दहा मिनिटं झाली. आमचा हात पुन्हा बटणाकडे गेला आणि पुन्हा धरला गेला. अशा वेळी पहिल्यांदा उठायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, आणि मध्येच बंद करणं म्हणजे मूळचीच चूक पुन्हा करणं. तेराव्या मिनिटाला पडद्यावर पिन मागितला.

पिन कोणाला आठवत होता? कोणालाच नाही. तो ज्यांनी ठेवला होता ते सभासद मुलाकडे परदेशी. त्यांना रात्री फोन केला, तर त्यांनी हजेरीच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पाहायला सांगितलं. तिथं पेन्सिलीनं लिहिला होता. पिन असा लिहून ठेवू नये असं सगळे सांगतात. आम्हीही सांगत असू.

३१ही पाठ होते. ती म्हणाली, आत्ता ऐकू नका, आधी प्रती करा. दोन पेनड्राइव्हवर केल्या, एक तिनं स्वतःकडे ठेवली. मग चोविसावा लावला. त्यात शास्त्रीबुवा व्याप्ती सांगता सांगता मध्येच थांबून विचारतात, आज चहा कोण करतंय? टेबलावर कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

आता मूळ प्रश्नाकडे. टॅबलेट मेला असं केव्हा म्हणावं? बॅटरी पुरेशी भरलेली आहे याची खात्री केल्यावर, दुसऱ्या चालू वायरीनं, दुसऱ्या संगणकावर, बटणांच्या सगळ्या जोड्या करून पाहिल्यावरही यूएसबीवर काहीच उमटत नसेल, तर. म्हणजे जीव असता तर दिसला असता, अशी परिस्थिती आपण तयार केल्यावर. तेव्हासुद्धा आम्ही फक्त एवढं म्हणू, की सॉफ्टवेअरच्या मार्गानं उपाय संपला. बोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग जळला असेल आणि मुख्य चिप व साठवण शाबूत असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा कारागीर अजून काही करू शकतो.

आणि एक उलटी चूक. अपडेट केलं आणि यंत्र गेलं, म्हणून अपडेटनंच मारलं, असंही लगेच म्हणू नये. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. साठवणीची चिप ठरावीक वेळाच लिहिली-पुसली जाऊ शकते. वर्षानुवर्षं वापरून ती थकलेली असते, रोजच्या थोड्याशा लिहिण्यात ते कळत नाही. अपडेट एकदम कितीतरी मोठा मजकूर लिहायला लावतं, शिवाय यंत्र बंद करून पुन्हा उठवतं, आणि थकलेली चिप तिथं उघडी पडते. पुन्हा लिहिताना दर वेळी त्याच जागी अडकत असेल, तर हा संशय घ्यावा. काही चिपा शेवटी शेवटी फक्त वाचू देतात, लिहू देत नाहीत.

प्रश्न आहेत काही? हो, विचारा.

*(श्रोत्यांपैकी एक: मग अपडेट करूच नये का?)*

करावं. सुरक्षेच्या फटी अपडेटनंच बुजतात. पण आधी प्रत काढावी, चार्जर लावून ठेवावा, आणि रात्री झोपताना करू नये. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७पासून एक चांगली पद्धत निघाली आहे: व्यवस्थेच्या दोन प्रती ठेवतात, नवं अपडेट रिकाम्या प्रतीवर लिहितात, आणि ती उठली नाही तर यंत्र जुन्या प्रतीवर परत जातं. ज्या यंत्रांत ही सोय आहे त्यांत आमच्यासारखा अपघात बराच टळतो. स्वस्तातल्या सगळ्याच यंत्रांत ती असते असं नाही.

*(दुसरे श्रोते: आयपॅड असेल तर?)*

संगणकाला जोडल्यावर दोन बटणं दिसतात, 'अपडेट' आणि 'रिस्टोअर'. पहिलं माहिती ठेवून प्रयत्न करतं, दुसरं पुसून. आधी नेहमी पहिलं. सॅमसंगवाल्यांना दुकानात एवढंच सांगायचं, की 'होम सीएससी' वापरा, नुसतं 'सीएससी' नको. त्यानं माहिती राहते.

*(एक ताई: आम्ही हे घरी करणार नाही हो. दुकानातच देणार.)*

द्या की. पण पावतीवर लिहून घ्या, 'विचारल्याशिवाय माहिती पुसू नये'. आणि मागचं झाकण फुगलेलं दिसत असेल तर चार्जरला लावू नका, दाबू नका, तसाच न्या; आत बॅटरी फुगलेली आहे.

*(त्याच ताई: आणि पिन आठवत नसेल तर?)*

तर मग पिन ठेवणारा माणूस शोधावा लागेल. त्यावर त्या मुलीकडेही उपाय नव्हता. आम्ही विचारलं होतं.